आपली फाइल मिळाली आहे

आक्कांच्या धाकट्या मुलाला एकच खोड होती, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून त्यांचं तोंड दुखलं होतं. त्याच्या तोंडून ‘नाही’ म्हणून फुटत नसे. मेणवाल्यानं जास्तीचा माल ठेवून घ्या म्हटलं, हो. डॉक्टरांनी परवापर्यंत कवळी हवी म्हटलं, हो. शेजाऱ्यानं तुमची स्कूटर जरा नेतो म्हटलं, हो, आणि मग हा आठवडाभर पायी.

“मानेला एकच बिजागरी बसवून पाठवलाय,” आक्का म्हणायच्या. “वर-खाली हलते. आडवी फिरायची सोयच नाही.”

थोरला एकदाच ‘नाही’ म्हणाला होता, बापाच्या धंद्यात पडायला. त्यानंतर आक्कांनी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि तोही लांब कुठेतरी संसार थाटून बसला. तेव्हा धाकटा दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता. पण ते आक्का कुणाला सांगत नसत. खोड ती खोड, ती कुठून लागली याचा पंचनामा कशाला करायचा.

धंदा दातांचा. डॉक्टर काढतात ते दात आक्कांच्या लॅबमध्ये पुन्हा जन्माला यायचे. कवळ्या, कॅप, दोन दातांमधले पूल. तीन खोल्या एकापाठोपाठ एक, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढच्या खोलीत काउंटर, एक खुर्ची आणि रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी. मधल्या खोलीत भट्टी, घासायची यंत्रं, ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. मागची खोली पूर्वी प्लास्टरची पोती ठेवायची होती. तिला खिडकी नव्हती. पोती हलवून तिथे कॉम्प्युटर आले, पण भिंतींना अजून पांढरी भुकटी चिकटलेली होती, आणि तिथून उठून कुणी बाहेर आलं की त्याच्या पाठीवर भिंतीचा ठसा असायचा.

आक्का शाळेत अक्षरं जुळवण्यापुरत्याच गेलेल्या. पण दाताचा रंग ओळखावा तर त्यांनी. रोज सकाळी पुढच्या खिडकीत उभं राहून, हातात नमुन्याच्या दातांची पट्टी धरून, तयार झालेली एकेक कॅप त्या उजेडात धरायच्या आणि सांगायच्या, हा चालेल, हा परत भट्टीत. दात सगळ्यांना पांढरे दिसतात. आक्कांना त्यात करडा, पिवळा, दुधाळ असे सगळे दिसायचे. नवऱ्यानं हाताला कौशल्य दिलं म्हणायच्या, डोळे माझे माझेच.

आता ठसे घ्यायची पद्धत बदलली होती. पूर्वी डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ मसाला दाबून ठसा घ्यायचे आणि डब्यात घालून पाठवायचे. आता तोंडात नुसती एक कांडी फिरवतात, दातांचा आकार कॉम्प्युटरमध्ये उमटतो आणि त्याची फाइल होते. ती फाइल डॉक्टरांनी पाठवावी म्हणून धाकट्यानं इंटरनेटवर लॅबचं एक पान केलं होतं. फाइल निवडायची, बटण दाबायचं, की हिरव्या अक्षरात यायचं: धन्यवाद, आपली फाइल मिळाली आहे. पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा आक्कांनी एकेक अक्षर जुळवून मोठ्यानं वाचलं होतं आणि म्हटलं होतं, हे बरं आहे, यंत्र असून माणसासारखं बोलतं.

त्या दिवशी जेवणं आटोपायच्या आत मोठे डॉक्टर स्वतः आले. त्यांना मोठे म्हणायचे, कारण त्यांचे दवाखाने बरेच होते आणि लॅबचं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. एरवी त्यांचा माणूस यायचा. आज ते स्वतः, बगलेत लॅपटॉप, खिशात पेन ड्राइव्ह. आले ते थेट दाराजवळच्या खुर्चीत बसले.

“आक्का, माझ्या एका पेशंटचे पुढचे दात मी घासून ठेवलेत. बाई वकील आहेत. वर तात्पुरत्या टोप्या घातल्यात आणि त्या बोलता बोलता सुटतात. कोर्टात एक न्यायाधीशांच्या टेबलावर उडाली. त्यांच्या कॅप कुठे आहेत?”

“कुठल्या कॅप?” आक्का म्हणाल्या.

“ज्यांची फाइल तुम्हाला गेल्या आठवड्यात मिळाली त्या.”

“आमच्याकडे अशी फाइल नाही.”

डॉक्टरांनी खिशातून फोन काढून आक्कांच्या नाकासमोर धरला. फोटोत हिरवी अक्षरं होती. “हे तुम्हीच लिहून दिलंय. आणि ही पहिली वेळ नाही. मी तुमच्या चिरंजीवांना कितीदा सांगितलं. दरवेळी म्हणतात, हो डॉक्टर, बघतो.”

आक्कांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकटा भट्टीच्या काट्याकडे बघत होता.

“तो पेन ड्राइव्ह द्या इकडे,” आक्का म्हणाल्या. “त्यात असेल ना फाइल. आजच कामाला लावते.”

डॉक्टरांनी खिशावर हात ठेवला. “हा देऊन मी गेलो की तुम्ही मोकळे. पुढच्या वेळी पुन्हा मी बोंब मारायची. तसं नाही. तुमच्या पानावरून फाइल जाताना मला दाखवा. आज, माझ्यासमोर. नाही जमलं तर माझ्या सगळ्या दवाखान्यांचं काम दुसरीकडे जाईल, आणि आक्का, मी रागानं नाही बोलत, मला जमत नाही म्हणून बोलतोय.”

रागानं बोलले असते तर आक्कांनी त्यांना पाणी पाजलं असतं. शांतपणे बोललेल्या माणसाचं काय करायचं हे त्यांना कधी उमगलं नव्हतं.

सून तेवढ्यात मागच्या खोलीतून येत होती. ती कॉम्प्युटरवर दात घडवायची. आलेल्या फाइलवरून नवा दात रेखायचा, मग यंत्र तो कापायचं. आज तिनं बाहेर जायचे कपडे घातले होते. तिची प्रवासाची बॅग काउंटरच्या मागे होती, नेमकी डॉक्टरांच्या कोपराखाली.

“तू कुठे निघालीस?” आक्का म्हणाल्या. “आत चल. ते पान नीट करून दे.”

“आई, पान त्यानं केलंय. मला संध्याकाळची गाडी आहे.”

“त्यानं केलंय हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तुला सांगतेय. पान सुरू झाल्याशिवाय आज कुणी हलायचं नाही.”

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मान हलवली, वर-खाली.

मग तिघं मागच्या खोलीत गेली. आक्कांनी दारातच स्टूल टाकलं. आता कुणाला बाहेर पडायचं तर त्यांचे गुडघे ओलांडून, मग भट्टीच्या झळेतून, मग डॉक्टरांच्या खुर्चीला वळसा घालून. मधल्या खोलीतली भट्टी तापत होती आणि तिची ऊब या खोलीत येऊन साठायची. जायला तिला वाट नव्हती. सुनेनं ओढणी गळ्यातून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

“डॉक्टर, एकदा पाठवा,” तिनं आतून हाक मारली.

थोडा वेळ गेला. बाहेरून आवाज आला, “मिळाली म्हणतंय.”

सुनेनं समोरचं फोल्डर उघडलं. “नाही आली.”

“अहो, हिरव्यात आलंय.”

“हिरव्यात येऊ दे. इथे नाही आली.”

तिनं फोननं समोरच्या भिंतीचा फोटो काढला आणि तोच त्या पानावरून पाठवला. फोटो लगेच फोल्डरमध्ये दिसला. पांढरी भिंत, कोपऱ्यात आक्कांचा खांदा.

“म्हणजे फोल्डरला कुलूप नाही,” ती म्हणाली. “लहान फाइल येते. जागाही शिल्लक आहे. मोठी मध्येच कुठेतरी जाते.”

“कुठे जाते म्हणजे? उडून जाते?” आक्का म्हणाल्या.

“आलेली फाइल सर्व्हर आधी एका तात्पुरत्या जागेत ठेवतो, आई. मग यानं लिहिलेल्या स्क्रिप्टनं, म्हणजे आज्ञांच्या यादीनं, तिला तिथून उचलून आपल्या फोल्डरमध्ये आणायचं असतं. नाही आणली, तर स्क्रिप्ट संपली की सर्व्हर ती टाकून देतो.”

“म्हणजे पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवायचं, आणि आतून कुणी बोलावलं नाही तर दिवे मालवताना हाकलून द्यायचं.”

“तसंच.”

“आणि हाकलण्याआधी त्याला सांगायचं, या, भेटून आनंद झाला.”

सून हसली नाही. तिनं स्क्रिप्ट उघडली होती आणि ती खाली खाली सरकवत वाचत होती. वाचता वाचता ती थांबली. मग परत वर गेली. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “हे काय केलंयस?”

धाकटा नखानं भिंतीवरची भुकटी खरवडू लागला.

“प्रत्येक आज्ञेच्या आधी तू ही खूण घातलीयस. ही खूण घातली की आज्ञा फसली तरी आवाज होत नाही. चुकांची नोंद ठेवायची सोय असते, ती बंद. आणि सर्व्हर प्रत्येक फाइलबरोबर एक आकडा देतो. शून्य म्हणजे नीट पोचली, एक म्हणजे फार मोठी, तीन म्हणजे अर्धीच आली. तो आकडा तू बघितलेलाच नाहीस. खाली सरळ लिहून टाकलंयस, आपली फाइल मिळाली आहे. येवो, न येवो, अर्धी येवो. मिळाली आहे.”

“आधी नव्हतं तसं,” धाकटा म्हणाला. “आधी लाल अक्षरं यायची. डॉक्टर लोक चिडायचे, फोन करायचे. मग आई म्हणाली...”

“काय म्हणाले मी?” आक्कांनी विचारलं.

“की आपल्या दारात आलेल्या माणसावर लाल अक्षरात ओरडायचं नाही.”

“म्हणाले होते. पुन्हा म्हणेन. पण मी रंग बदल म्हटलं होतं. मजकूर बदल असं कोण म्हणालं?”

धाकट्यानं मान हलवली. कशाला हो म्हणत होता, ते त्यालाच ठाऊक.

“आजवर अशा किती गेल्या?” आक्कांनी सुनेला विचारलं.

“कळायला मार्ग नाही. ज्यांनी फोन केला त्यांच्या कळल्या. ज्यांनी नाही केला, त्यांना वाटलं असेल आपलं काम पडून आहे.”

आक्कांच्या डोळ्यांसमोर एकेक डॉक्टर येऊ लागले, काम पाठवणं एकाएकी बंद केलेले. नदीपलीकडच्या त्या डॉक्टरीणबाई, ज्यांना आक्कांनी कृतघ्न म्हटलं होतं. तो तरुण डॉक्टर, ज्याच्या पहिल्या पेशंटचा दात याच लॅबमधून गेला, आणि जो रस्त्यात समोरून आला तेव्हा आक्कांनी तोंड फिरवलं होतं. या सगळ्यांनी हाक मारलीही असेल. इथून हिरव्यात उत्तर गेलं असेल.

सुनेनं त्या गप्प करणाऱ्या खुणा एकेक करून काढल्या. आकडा वाचायला लावला, शून्य नसेल तर का नाही ते लिहायला लावलं. मग पुन्हा हाक मारली, “डॉक्टर, पाठवा.”

या वेळी बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “तुमचं पान म्हणतंय, तुम्ही फाइल पाठवलीच नाही. मी काय दिवसभर खोटं बोलतोय?”

“नाही डॉक्टर, तुम्ही पाठवलीत,” सून म्हणाली. “जरा बसा.” मग हळू आवाजात, “फाइल सोड, डॉक्टरांचं नावसुद्धा आलेलं नाही. सगळंच रिकामं. म्हणजे गाठोडंच दारात अडकलं.”

“गाठोडं?”

“दोन मर्यादा असतात, आई. एक एका फाइलची. दुसरी सगळ्या गाठोड्याची, म्हणजे नाव, नंबर, फाइल मिळून जे काही येतं त्याची. गाठोडं मोठं निघालं तर सर्व्हर ते उघडून बघत नाही. स्क्रिप्ट मग रिकाम्या हातानं सुरू होते. तिला वाटतं, कुणी आलंच नव्हतं.” ती नवऱ्याकडे वळली. “डॉक्टरांनी नव्या कांड्या घेतल्या तेव्हाच मी तुला म्हणाले होते. फाइली फुगतील, दोन्ही मर्यादा वाढव. तू म्हणालास, वाढवल्या.”

“वाढवणार होतो.”

“वाढवल्या म्हणालास.”

“म्हणजे वाढवणारच होतो, म्हणून म्हटलं.”

सुनेनं त्याच्याकडून पासवर्ड घेतला, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये गेली, दोन्ही आकडे मोठे केले, गाठोड्याचा फाइलहून थोडा मोठा. डॉक्टरांना पुन्हा पाठवायला लावलं. पुन्हा तेच, तुम्ही फाइल पाठवलीच नाही. सेटिंग उघडून पाहिलं तर आकडे नवे होते, पण सर्व्हर अजून जुन्यानंच वागत होता. तिनं सर्व्हरवाल्या कंपनीला फोन लावला. तिकडून कुणीतरी म्हणालं, बदल लागू व्हायला सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, ते आम्ही करतो, थोडं थांबा. थोडं म्हणजे किती, असं तिनं विचारलं. थोडं म्हणजे थोडं, मॅडम.

मग करण्यासारखं काही उरलं नाही. खोलीत तीन माणसं, दोन कॉम्प्युटरांचे पंखे आणि भट्टीची ऊब. बाहेर डॉक्टर घसा साफ करत होते. सून घड्याळाकडे बघायची, मग दाराकडे. दारात आक्का होत्या.

तिची ती घालमेल बघून आक्कांना जरा दया आली. “एवढा काय जीव टांगलाय,” त्या म्हणाल्या. “माहेर कुठे पळून जातंय? आज नाही तर उद्या जा. दोन दिवसांचे चार दिवस राहा हवं तर.”

सुनेनं मान वर केली. “माहेर?”

“मग कुठे चाललीस?”

“आई, मला उद्या सकाळी कामावर हजर व्हायचंय. नव्या नोकरीत. खोलीसुद्धा बघून ठेवलीय तिकडे.”

आक्कांना ऐकू आलं, पण आत शिरायला वेळ लागला. “ती बाहेरगावची नोकरी तू नाकारलीस ना. नको म्हणून कळवलंस. यानं सांगितलं मला.”

“मला यानं सांगितलं की तुम्हाला सगळं बोललोय आणि तुम्ही हो म्हणालात. मी म्हटलं, आईंनी एवढ्या सहज कसं हो म्हटलं. तुमच्यापाशी येऊन विचारणारही होते. तर म्हणाला, आता विषय काढू नकोस, तिला वाईट वाटतं, मनातल्या मनात ठेवते.”

“मी मनातल्या मनात ठेवते?” आक्का म्हणाल्या. “मी?”

हे मात्र इतकं अशक्य होतं की क्षणभर दोघींनाही हसू यायच्या बेतात होतं. पण आलं नाही.

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. पळायला जागा असती तर पळाला असता. पण मागे भिंत, समोर बायको, दारात आई.

“आणि पुढे काय ठरलंय तुमचं?” आक्कांनी सुनेलाच विचारलं.

“पुढच्या महिन्यात तोही येणार तिकडे. तसं म्हणालाय.”

“मला म्हणालाय की आई, तुला सोडून मी जन्मात कुठे जाणार नाही. परवाच म्हणाला. जेवताना.”

“मला परवाच म्हणाला. जेवण झाल्यावर.”

आक्कांनी पदरानं मानेवरचा घाम टिपला. त्यांना वाटलं, हे घर, ही लॅब, हा मुलगा, सगळं आपल्या मुठीत आहे असं समजून आपण इतकी वर्षं मिरवलो. मुठीत काय होतं? हिरवी अक्षरं. भट्टी नीट केलीस का, हो आई. त्या माणसाशी बोललास का, हो आई. डॉक्टरांनी काही म्हटलं का, काही नाही आई, सगळं ठीक. चारी बाजूंनी होकारांच्या भिंती, आणि आपण मध्ये, खिडकी नसलेल्या खोलीत बसल्यासारख्या. बाहेर काय चाललंय याचा पत्ता नाही.

मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली, आणि सुचली तशी नको वाटली. पण आक्कांनी आजवर नको वाटलं म्हणून तोंड कधी बंद ठेवलं नव्हतं.

“मी रोज सकाळी रंग बघते,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “बरोबर असतात ना?”

“हो, आई,” धाकटा लगेच म्हणाला.

आक्का सुनेकडे वळल्या. “तू बोल.”

सून खुर्चीच्या पाठीवरची ओढणी नीट करू लागली.

“मी विचारतेय.”

“नाही,” सून म्हणाली. “बरेच दिवस झाले. तुम्ही चालेल म्हणता ते पिवळ्याकडे जातात. फार नाही, एखाद्या छटेनं. मी संध्याकाळी परत बघते आणि बदलते. डोळ्यांत मोतीबिंदू असेल, आई. तपासून घ्या. साधी गोष्ट आहे.”

“साधी गोष्ट आहे, तर मला कुणी सांगितलं का नाही?”

“मी सांगणार होते. तो म्हणाला, मी सांगतो.”

बाहेर डॉक्टर फोनवर कुणाला तरी सांगत होते की वकीलबाईंना म्हणावं आज शक्यतो बोलू नका. मधल्या खोलीत कारागिरानं घासायचं यंत्र सुरू केलं आणि थांबवलं. आक्का आपल्या हातांकडे बघत बसल्या. किती सकाळी त्या खिडकीत उभ्या राहिल्या असतील, पट्टी उजेडात धरून, हा चालेल, हा नाही, आणि मागे सगळे हो हो करत असतील, आणि संध्याकाळी ही पोरगी एकटी बसून ते सगळं पुन्हा करत असेल. या घरात खरं बोलणारं एकच तोंड होतं, आणि ते आज गाडीत बसून निघालं होतं.

अडवणं कठीण नव्हतं. तेही आक्कांना कळत होतं. नुसतं म्हणायचं, माझे डोळे गेलेत, आता तू गेलीस तर रंग कोण बघणार. सून चांगल्या घरची होती, राहिली असती. रडली असती, राहिली असती. आणि मग वर्षभरात तीही शिकली असती, हो आई म्हणायला. आक्कांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी परत मिटलं.

फोन वाजला. सर्व्हरवाले म्हणाले, झालंय, बघा.

“डॉक्टर,” सुनेनं हाक मारली, “आता.”

या वेळी बाहेरून बराच वेळ काही आलं नाही. डॉक्टर मध्येच म्हणाले, “पडद्यावरची पट्टी सरकतेय. निम्मी झाली.” मग, “सरकतेय.” आक्का स्टुलाच्या कडेपर्यंत सरकून बसल्या होत्या आणि त्यांना त्याचा राग येत होता; एका फाइलसाठी, पाहा. सून पडद्याकडे टक लावून होती. धाकट्यानं डोळे मिटले होते.

“शून्य,” सून म्हणाली. “आली.”

तिनं फाइल उघडली. पडद्यावर एक तोंड उघडलं, राखाडी, बिनरंगाचं, पुढचे दात घासून बारीक केलेले, कुणा वकीलबाईंचं. बाहेरून डॉक्टर म्हणाले, “मिळाली म्हणतंय. आता खरंच मिळाली ना?”

“मिळाली, डॉक्टर. या, बघून घ्या.”

डॉक्टर मधल्या खोलीपर्यंत आले, आक्कांच्या डोक्यावरून आत डोकावले, पडद्यावरचे दात ओळखून त्यांनी मान डोलावली. “झालं तर मग. चूक झाली की सांगत जा, आक्का. मी शिव्या देईन, पण काम काढणार नाही.” त्यांनी लॅपटॉप बगलेत मारला आणि गेले. खुर्ची मोकळी झाली. दार मोकळं झालं.

सुनेनं खुर्चीच्या पाठीवरची ओढणी उचलली. ती उभी राहिली आणि दाराकडे बघत राहिली, म्हणजे आक्कांकडे. आक्कांनी स्टूल बाजूला ओढलं. लोखंडी पाय फरशीवर करकरले.

“आज काय काय केलंस ते कागदावर लिहून पाठव मला,” आक्का म्हणाल्या. “मोठ्या अक्षरात. पुढच्या खेपेला बिघडलं तर कुणाला तरी वाचून दाखवता येईल.”

“पोचल्यावर पाठवते.”

“आणि त्या खोलीला खिडकी आहे का, तू घेतलीस तिला?”

“आहे, आई. दोन आहेत.”

“बघून घेतलीस ना. नाहीतर कुणी सांगितलं आहे म्हणून.”

“बघून घेतलीय.”

सून वाकून पाया पडली आणि निघाली. तिच्या पाठीवर भिंतीची पांढरी भुकटी लागली होती. आक्कांनी ती झटकली नाही. गाडीत बसल्यावर झटकेल, नाहीतर नाही झटकणार. ती भट्टीजवळून गेली, काउंटरमागून बॅग उचलली.

धाकटाही सरसावला. “मी तिला सोडून येतो, आई. लगेच येतो. म्हणजे तू म्हणशील तसं. ती म्हणत असेल तर आजच तिकडे...”

आक्कांनी स्टूल परत दारात ओढलं आणि त्यावर बसल्या. बाहेरच्या खोलीत सूनही थांबली, बॅग हातात धरून. आक्का तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलल्या.

“इकडे बघ. खाली नको, माझ्याकडे बघ. ती जातेय, तिला मी अडवत नाही आणि तूही अडवायचं नाहीस. तुझं काय करायचं ते मी आज ठरवणार नाही. आजवर मीच ठरवत आले म्हणून तू असा झालास, तेवढं माझ्या नावावर लाव. पण उरलेलं तुझं. तिच्याबरोबर जायचं असेल, तर इथे उभा राहून माझ्या तोंडावर सांग की आई, मी राहणार नाही. राहायचं असेल, तर तिला सांग की मी येणार नाही. मला राग येईल, ती रडेल, त्यानं कुणी मरत नाही. आम्हा दोघींपैकी एकीला नाही म्हटल्याशिवाय तू या दारातून बाहेर पडणार नाहीस, आणि तिची गाडी तुझ्यासाठी थांबणार नाही. रोज माझ्याशी बोलतोस रे तू, ऊठसूट बोलतोस, पण काय म्हणालास ते मला अजून कळलेलं नाही.”